सात मिनिटं आणि पुढची चार

"सर, इथे तुम्ही चुकलात," केतकी म्हणाली आणि तिने जीभ चावली, पण बोलून गेली ती गेलीच. दिलसुखनगरातल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये त्या वेळी वाद्यं वाजवणारी पाच पोरं होती, कार्यक्रम भरवणारा पराग होता, आणि खालच्या कोचिंग क्लासच्या माइकवरून वर येणारं बीजगणित होतं. एवढ्यांच्या देखत यशवंत उदगीरकर, वय वर्षं चोपन्न, स्वतःचंच वाजवणं चुकला होता. दुसऱ्याचं वाजवताना माणूस चुकतो, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण हे त्याचं होतं, आणि तेही कसलं, तर न ठरवलेलं. सोळा वर्षांपूर्वी काचीगुड्याच्या एका हॉलमध्ये तो एकटा डबल बास घेऊन उभा राहिला होता. समोर कागद नव्हता, आधी रचलेलं काही नसावं, सुचेल तेच वाजवावं एवढीच अट होती, आणि अकरा मिनिटं वाजवून तो घरी गेला होता. त्या अकरा मिनिटांत बरोबर काय हे कोणीच ठरवलेलं नव्हतं, मग चूक आली कुठून? आली ती केतकीच्या कागदावरून. त्याच्याकडे शिकणाऱ्या या पोरीने चार महिने कानाला हेडफोन लावून ती अकरा मिनिटं रेकॉर्डवरून सूर न् सूर उतरवून काढली होती. गज कुठे उलटा फिरतो, बोट कुठे सरकतं, तार कुठे नुसतीच कण्हते, सगळं. एकवीस पानं झाली होती. वर त्याचं नाव मराठीत लिहायचं म्हणून तिने आईला विचारून विचारून ते गिरवलं होतं. एवढ्या प्रेमाने केलेल्या कामावर रागावणार कसं? रागावायचीही सोय ठेवली नव्हती पोरीने.

"परत घेऊ," यशवंत म्हणाला. परत घेतलं. सातव्या मिनिटापर्यंत बोटं आपली आपण चालत गेली, मग कागदावरची ती बारा सेकंदांची शांतता आली, तीही त्याने मोजून पाळली, आणि त्यानंतर तो पुन्हा चुकला. या वेळी केतकी नुसती कागदाकडे बघत राहिली, आणि ते जास्त लागलं. तिसऱ्यांदा तिने आपला बास उचलला आणि "असं आहे सर, खालच्या तारेवर जाता तुम्ही इथे," म्हणून वाजवून दाखवलं. काय वाजवलं. जसंच्या तसं, खरखरीसकट. आपल्याच घरात जाऊन कडी वाजवावी आणि आतून कोणीतरी परक्याने कोण पाहिजे विचारावं, तसा तो उभा राहिला. पराग मधे पडला. पराग पस्तिशीचा, बंजारा हिल्सला त्याची जागा आहे, असले कार्यक्रम करतो, मनाने वाईट नाही, पण त्याला प्रत्येक गोष्टीचे दोन पर्याय सुचतात. "सर, टेन्शन नक्को घेऊ," तो म्हणाला. "संडेला तुम्ही वाजवलं तर बेस्टच. पण समजा नाही जमलं, तर सोलो केतकी वाजवेल, तुम्ही समोरच्या रांगेत बसा, आणि आधी आपण तुमचा सत्कार करू. शाल, श्रीफळ, मोमेंटो. चारपर्यंत सांगा फक्त, प्रोग्राम छापायला जातोय." शाल म्हणाला तो. काचीगुड्याच्या घरात वाढलेल्या माणसाला शालीचा अर्थ कोणी सांगावा लागत नाही. वडिलांना मिळाली होती हायकोर्टाच्या भाषांतर विभागातून निवृत्त झाले त्या दिवशी, मामांना मिळाली होती शाळेतून, आणि शाल अंगावर पडलेला माणूस पुन्हा कधी खुर्चीवर बसून काम करताना यशवंतने पाहिला नव्हता. शाल घालतात, चार बरे शब्द बोलतात, आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाच्या टेबलावर दुसरा बसलेला असतो.

बास खाली उतरवणं हा एक वेगळाच छळ. लिफ्टच्या दाराशी वॉचमनने हात आडवा धरला, "सार, लिफ्ट वद्दु, पट्टदु," नको, मावणार नाही. आणि मावणार नाही हे खरंच होतं. मग तीन मजले पाठीवर. माणसाहून उंच, पोटाने रुंद, मानेने लांब अशी ती लाकडी बाई कवटाळून यशवंत जिना उतरत होता आणि कोचिंगची पोरं भिंतीला चिकटून वाट देत होती. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, यशवंतचं आख्खं आयुष्य त्या म्हणीत गेलं होतं. मेट्रोच्या तपासणीच्या यंत्रात बास जात नाही हा शोध त्याने पूर्वीच लावलेला. साध्या ऑटोत बसत नाही. उरला ट्रॉली ऑटो, सामान वाहायचा. तिसरा थांबला. त्याने मान तिरकी करून काळ्या पिशवीतला तो आकार नीट न्याहाळला. "क्या है साब ये? मैयत है क्या?" "बाजा है." "इत्ता बडा बाजा? कौन बजाता?" "मैं." त्याने एकदा बासकडे पाहिलं, एकदा यशवंतकडे, आणि म्हणाला, "हौ, चलो. पकड के बैठना. गिरा तो मेरेकू नै बोलना." यशवंत मागे हौद्यात बासला मिठी मारून बसला. समोर कोणाची तरी कूलरची टाकी होती. चोपन्नाव्या वर्षी, तीन देशांत वाजवून आलेला कलावंत, कूलरच्या टाकीशेजारी. त्याला हसूही येईना.

मुसारामबागपर्यंत धुरात गेलं. बासच्या मानेला हाताचा विळखा घातला की त्याला नेहमी पीटरसाहेब आठवायचे, सिकंदराबादचे, ज्यांचा हा बास. यशवंत विशीत होता, व्हायोलिन वाजवायचा, तेलुगू सिनेमांच्या रेकॉर्डिंगला सत्तावीस व्हायोलिनांच्या गर्दीत मागून दुसऱ्या रांगेत बसायचा. सगळ्यांच्या मागे भिंतीला टेकून पीटरसाहेब उभे असत. गाणं वाजत असताना त्यांचं काही ऐकू येत नसे, पण एकदा ते खोकला आला म्हणून थांबले आणि सगळं गाणं जमिनीवरून उचलल्यासारखं झालं, तेव्हा यशवंतला कळलं की आपल्याला ते वाजवायचं आहे, जे थांबल्यावरच ऐकू येतं. साहेबांचे गुडघे गेले तेव्हा बास यशवंतकडे आला. वडील भगवंतराव दारात उभे राहून म्हणाले होते, "हे काय, कपाट आणलंस?" आणि वाद्य आहे कळल्यावर, "उभ्याने वाजवायचं? उभं शिपाई राहतो." मग दोन वर्षांत स्टुडिओत कीबोर्ड आला, एका माणसाच्या दहा बोटांनी सत्तावीस व्हायोलिनं घरी पाठवली. पुढे हॉटेलच्या लॉबीत, बुफेच्या मागे, डाळीच्या वाफेत आठ वर्षं जॅझ. मग बेंगळुरूची काही वेडी मंडळी भेटली, जी काहीच न ठरवता वाजवायची. समोर अकरा श्रोते, त्यातले चार वाजवणाऱ्यांच्या घरचे. एक झांजा घासतोय, एक सॅक्सोफोनमधून नुसती हवा सोडतोय, आणि यशवंत गजाच्या उलट्या बाजूने तारांवर मारतोय. बायको, भारती, एकदाच आली होती ऐकायला. परत येताना गाडीत तिने विचारलं होतं, "अहो, सुरू कधी झालं ते?"

मलकपेटला गाड्या अडकल्या. उन्हात टाकी तापली होती आणि यशवंतच्या डोक्यात केतकीचं "असं आहे सर" फिरत होतं. सगळ्यात संताप कशाचा, तर ती बरोबर होती याचा. आणि ती ज्या जागी बरोबर होती, त्या जागेबद्दल यशवंतने आजवर कोणाला काही सांगितलेलं नव्हतं. सोळा वर्षांपूर्वी एका परदेशी रेकॉर्ड कंपनीचा माणूस एका दुपारसाठी रेकॉर्डिंग करायला हैदराबादला येणार होता. त्याने बेंगळुरूला यशवंतला ऐकलं होतं, एकट्याचं वाजवणं हवं होतं, ऐनवेळी सुचेल ते. झालं. यशवंतची झोप उडाली. ज्या घरात मुंजीआधी पावकी-निमकी पाठ, संध्या पाठ, स्कॉलरशिपचे निबंध पाठ, जिथे तोंडी परीक्षेची उत्तरंही वडील घोकून घ्यायचे, त्या घरातला मुलगा परीक्षकापुढे रिकामा जाणार? असलं पाप त्याच्या सात पिढ्यांत कोणी केलं नव्हतं. तेव्हा त्याने काय केलं, तर सुचेल ते वाजवायचंय म्हणून तीन महिने आधी सुचवून घेतलं आणि घोकलं. रोज सकाळी सहा ते आठ, सात मिनिटं, कुठे अडखळायचं, कुठे शोधल्यासारखं करायचं, तेसुद्धा. अकरा मिनिटं हवीत असं सांगितलं होतं, पण पुढच्या चारांचं जुळेना, म्हणून सातच परत वाजवायची असं त्याने ठरवलं होतं. शहाण्या माणसाने हसावं असली गोष्ट, पण काचीगुड्यात ती कोणाला वेडेपणाची वाटली नसती.

हॉलमध्ये शहाबादी फरशी होती, पुसून पुसून आरशासारखी झालेली. बास जमिनीवर टेकतो तो एका लोखंडी खुंटावर, आणि तो सरकू नये म्हणून यशवंतने वडिलांच्या काठीचं रबरी बूच त्याला बसवलं होतं. सात मिनिटं पाठ केल्याप्रमाणे पार पडली. आता परत पहिल्यापासून, म्हणून त्याने गज उचलला आणि बूच निघालं. बास पुढे घसरला. त्याने गुडघ्यांनी धरला, पोटाने धरला, गज दातात धरला, आणि बारा सेकंद तो त्या बोज्याशी झटत राहिला. सावरला तेव्हा काय वाजवतोय ते त्याला कळेना. पाठ केलेलं सगळं पुसलं गेलं होतं. कुठली तार, कुठला सूर, काही ठाऊक नाही, एका पायाने खुंट अडवून धरलाय आणि बोटं जिथे पडतील तिथे पडताहेत. चार मिनिटांनी ते आपोआप थांबलं. परदेशी माणूस रेकॉर्डिंगच्या काचेपलीकडे उठून उभा राहिला होता. यशवंतला वाटलं, संपलं, आता हा जायला सांगतो.

पुढे ती अकरा मिनिटं तशीच्या तशी रेकॉर्डवर निघाली, आणि त्या बारा सेकंदांवर लोकांनी काय काय लिहिलं. मासिकांतून लिहिलं, की पौर्वात्य मौन आहे, की या शांततेत एक आख्खं शहर श्वास रोखून आहे. शहर कसलं, बास होता तो, काठीचं जुनं रबर जीर्ण झालं होतं. पण यशवंत बोलला नाही. पहिल्यांदा लाजून बोलला नाही, मग उशीर झाला म्हणून बोलला नाही, आणि तिसऱ्या मुलाखतीत तर त्याने स्वतःच मौनाबद्दल दहा मिनिटं सांगितलं, वर गजाने हवेत खुणा करून. आता थुंकलेलं गिळायचं कसं? बोलावणी आली. तीन देशांत गेला. प्रत्येक ठिकाणी सुचेल ते वाजवायचं होतं, आणि प्रत्येक ठिकाणी त्याने तीच सात मिनिटं थोडी पुढे, थोडी मागे करून वाजवली. ती चार मिनिटं मात्र परत कधी आली नाहीत. त्याने बोलावलीच नाहीत असं म्हणणं जास्त खरं. त्या चार मिनिटांची त्याला भीती बसली होती.

ट्रॉलीवाल्याने गल्लीच्या तोंडाशी सोडलं. घरी भारती चाचणीच्या पेपरांचा गठ्ठा घेऊन बसली होती. ती चिक्कडपल्लीच्या ज्युनियर कॉलेजात इतिहास शिकवते आणि नवऱ्याचा चेहरा एका नजरेत तपासते. "काय झालं?" तिने विचारलं. यशवंतने सांगितलं, म्हणजे केतकीचं आणि शालीचं. "म्हणजे गुरूची विद्या गुरूला," ती म्हणाली. "बरं मग, घ्या की शाल. थंडीत उपयोगी पडते." "हैदराबादला थंडी कुठे असते?" "म्हणून तर नवीच राहील," ती म्हणाली आणि लाल पेन्सिल पेपरावर ओढली. तिच्या थट्टेने तो आणखीच चिडला. जेवण तसंच ठेवून त्याने बैठकीत बास उभा केला, एकवीस पानं सोफ्यावर पसरली आणि सुरुवात केली. सात मिनिटं भारती पेपर तपासता तपासता त्याच्याबरोबर गुणगुणत होती. तीन महिने रोज सकाळी स्वयंपाकघरातून ऐकलेलं, तिलाही ते पाठ होतं. परदेशी समीक्षकांना जे सुचलेलं वाटलं ते हिच्या फोडणीबरोबर घोकलं गेलं होतं, आणि ही बाई ते कधी कोणाजवळ बोलली नव्हती. मग बारा सेकंद. मग तो सोळाव्या पानावर आला, आणि भारतीचं गुणगुणणं थांबलं. तो अडखळला, परत आला, परत अडखळला. "हे काय वाजवताय?" तिने विचारलं. "माझंच आहे." "हे घरात कधी ऐकलं नाही मी." "तू पेपर तपास," तो म्हणाला, आणि म्हणतानाच त्याला स्वतःचा वीट आला. हिला सगळं ठाऊक, केतकीला सगळं येतं, आणि ज्याचं आहे तोच काय तो उपरा. घड्याळात सव्वातीन झाले होते.

त्याने केतकीला फोन लावला. का लावला हे त्याला नीट सांगता आलं नसतं. तिच्याच तोंडून एकदा तिरस्कार ऐकून घ्यावा, म्हणजे शाल घ्यायला बरी, असं काहीसं डोक्यात होतं.

"सर, सॉरी, सकाळी सगळ्यांसमोर मी असं..." ती सुरूच झाली.

"ते सोड. तुला एक सांगायचंय. ती बारा सेकंदं आहेत ना, ती शांतता वगैरे काही नाही. माझा बास घसरला होता."

"माहितीये सर."

यशवंत खुर्चीच्या हातावर बसला. "काय माहितीये?"

"फरशीवर खरडल्याचा आवाज येतो ना. हेडफोनमध्ये क्लिअर येतो. तुमचा श्वास पण येतो. आणि तुम्ही हळूच शिवी दिली, ती पण. ती मी लिहिली नाही."

भारतीने पेन्सिल थांबवली होती. यशवंतने पाठ फिरवली. आता बोलायला बसलोच आहोत तर पुरतं बोलावं, म्हणून तो म्हणाला, "आणि आधीची सात मिनिटं..."

"ती पाठ केलेली आहेत," केतकी म्हणाली. तिच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं, वेळापत्रक वाचून दाखवावं तसं ती सांगत होती. "तुमची जितकी रेकॉर्डिंग मिळाली तितकी ऐकली मी, सर. नऊ. सगळ्यांत तीच सात मिनिटं आहेत. पुढची चार त्या एकात सोडून कुठेच नाहीत."

"मग एवढं माहीत असून उतरवलंस कशाला?" तो ओरडलाच जवळजवळ. "चार महिने कशाला घातलेस?"

"ती चार मिनिटं शिकायची होती मला. सहा वर्षं येतेय तुमच्याकडे. तुम्ही ती कधी शिकवलीच नाहीत."

यशवंतला लाज वाटली, पण वाटायला हवी होती त्याहून कमी वाटली, आणि त्याचंही त्याला नवल वाटलं. सोळा वर्षं तो चोरासारखा अंग चोरून वावरत होता, आणि ही पोरगी सहा वर्षं समोर बसून, सगळं ऐकून, दर शुक्रवारी सर म्हणत येत होती. ती त्याला पकडायला आली नव्हती. त्याच्याजवळ जे खरं होतं तेवढंच मागायला आली होती, आणि त्याने तिला घोकायला लावलं होतं, वडिलांनी त्याला लावलं तसं, छडी न घेता एवढाच काय तो फरक. "मला येत नाहीत ती," तो शेवटी म्हणाला. "हौ सर," केतकी म्हणाली, "सकाळी कळलं." आणि लगेच, घाबरून, "म्हणजे तसं नाही सर." "तसंच आहे," यशवंत म्हणाला. "तुला येतात. तू नीट वाजव." त्याने फोन ठेवला. भारती उठून त्याचं झाकलेलं ताट परत गरम करायला घेऊन गेली.

तो बैठकीत एकटा राहिला. खिडकीखालून बस गेली, कोणीतरी दुचाकी सुरू करत होतं आणि ती होत नव्हती. शाल घ्यावी, हे आता सगळ्यात सोपं होतं. कोणी नाव ठेवलं नसतं. केतकीने उत्तम वाजवलं असतं, त्याने समोर बसून मान डोलावली असती, लोक म्हणाले असते काय गुरू आणि काय शिष्या, आणि रविवार गेला असता. दुसरं म्हणजे सोळावं पान दोन दिवस घोकायचं. तेही झालं असतं, घोकण्यात उदगीरकरांचा हात कोणी धरला नसता. पण घोकलेली ती चार मिनिटं काही ती चार मिनिटं नव्हती, हे आता सगळ्यांच्या देखत सिद्ध झालं होतं. आणि त्यानंतर? त्यानंतर पुन्हा सातच. साठाव्या वर्षी सात, सत्तराव्या वर्षी सात, मग कोणीतरी काठी धरून स्टेजवर चढवणार, तेव्हाही सात. या विचाराने त्याला इतका संताप आला की त्याने सोफ्यावरची पानं गोळा केली, कोपरे जुळवून टिपॉयवर पालथी ठेवली आणि बास ओढून घेतला. गज टेकवला. पहिला सूर कुठला, ते त्याला ठाऊक नव्हतं. बोटं सवयीने त्या पहिल्या जुन्या जागी गेली, त्याने ती उचलली. पुन्हा गेली, पुन्हा उचलली. हाताला घाम आला होता. गुडघ्यांत बास धरून उभा होता त्या दुपारचीच ही भीती होती. पाच मिनिटं तो तसा उभा राहिला आणि त्याने एकही सूर वाजवला नाही. मग गज खाली ठेवला, तळवे पँटला पुसले आणि परागला फोन लावला. चाराला दहा कमी होते.

"पराग, शाल नको."

"म्हणजे वाजवताय? सुपर, सर. केतकीला सांगतो मी, ती समजून..."

"केतकीच वाजवेल. तिलाच येतं ते. तिचं झालं की मला दहा मिनिटं दे."

"देतो की. काय वाजवणार? प्रोग्राममध्ये काय घालू?"

"माहीत नाही."

"अरे, पण काहीतरी नाव..."

"माझं घाल."

परागच्या मागे छापखान्यातलं यंत्र खडखडत होतं. मग त्याने आवाज उतरवला, जवळच्या माणसाने सल्ला द्यावा तसा. "सर, एक बोलू? रागावू नका. ती ते इतकं परफेक्ट वाजवते, सगळा हॉल तिचा होऊन जाईल. तुम्ही तिच्या आधी घ्या. तिच्यानंतर तुम्हाला जड जाईल."

"जाऊ दे," यशवंत म्हणाला.